तळव्याचा कौल

"थांब," चाचा म्हणाले आणि मी ब्रेक दाबला.

धूळ आम्हाला ओलांडून पुढं निघून गेली. चाचा डोळे मिटून बसले होते. अनवाणी पाय बग्गीच्या पत्र्यावर सपाट टेकवलेले, हात मांडीवर, चेहरा अगदी शांत. पाच-सहा सेकंद तसेच गेले.

"मागचं उजवं," ते म्हणाले. "खाली बसतंय. खडखड येतीया बघ. स्प्रिंग जरा आवळूया."

स्टिअरिंग माझ्या हातात होतं. खडखड येत होती हे खरं, पण ती मागून उजवीकडून नव्हे, पुढून डावीकडून येत होती. पार माझ्या मनगटापर्यंत येत होती. त्या माळावर शेरडं राखणाऱ्या बाईलासुद्धा सांगता आलं असतं की पुढचं डावं चाक हाणतंय. आणि इलाहीचाचा मुल्लाणी, ज्यांच्या तळव्यांसाठी सांगली-बेळगावहून लोक गाड्या घेऊन यायचे, ते मागचं उजवं म्हणत होते.

"व्हय, चाचा," मी म्हणालो.

अठरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, त्यात खोटं 'होय' म्हणायची ती पहिली वेळ. वाटलं, आज माणसाची तब्येत बरी नसेल, उद्या त्यांचं त्यांनाच कळेल.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी अडतीसचा होतो आणि कोल्हापुरात उद्यमनगरला चाचांच्या गॅरेजात दोन नंबरचा मिस्त्री होतो. चाचा एक नंबर, मी दोन नंबर, तिसरा कुणी नव्हताच. इंजिनाची कामं आम्ही घेत नव्हतो. आमचं काम गाडीच्या बैठकीचं. गाडी धक्के का खाते, एका अंगाला का कलते, खड्ड्यातून वर येताना लाथ का मारते, ते शोधायचं आणि पाटे, स्प्रिंगा, शॉकअप बघून ती मऊ करून द्यायची.

चाचांची रीत सगळ्या गावाला ठाऊक होती. चपला काढून ते गाडीत बसायचे आणि तळव्यानं गाडी ऐकायचे. "बुडाला उशिरा कळतं गा," ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "बुडाखाली गादी असती. तळव्याखाली काय न्हाई." माळावर एक फेरी झाली की चारपैकी कुठलं चाक लवकर उठतंय, कुठलं मागं राहतंय, हे ते बसल्या जागी सांगत. मग स्वतः पाना घेऊन आवळणं, सैल करणं. काम मनासारखं झालं की त्या शॉकअपवर खडूनं फुली. फुली पडली की विषय संपला. त्यानंतर तिथं कुणी पाना लावायचा नाही, हा गॅरेजचा कायदा होता. मी नवीन असताना एका कामगारानं फुलीखालची स्प्रिंग आवळायची रिंग नुसती चाचपून बघितली, तर चाचांनी त्याला दुपारीच डबा उचलायला लावला होता.

बग्गी होती धैर्यशील सरनोबतांची. गगनबावड्याच्या अलीकडं डोंगरउतारावर त्यांची शेती आणि चार खोल्यांचं पर्यटकांचं ठिकाण. तिथल्या दगडधोंड्यांच्या वाटेसाठी त्यांनी ही गाडी आणली होती. नळ्यांचा सांगाडा, दार नाही, शेजारी शेजारी दोन सीटा, आणि चाकं ट्रॅक्टरच्या धाकट्या भावाला शोभतील अशी. चढायला एक नंबर. पण आत बसणाऱ्याच्या आतड्यांची पार घुसळण व्हायची. पाहुण्यांचं सरनोबतांना एवढं नव्हतं. त्यांची अडचण होती आई.

"आक्कासाहेबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय," गाडी सोडताना ते म्हणाले होते. "पाच वर्षं झाली, वर कुलदैवताला गेलेल्या नाहीत. येत्या रविवारी जत्रा आहे. डोलीत बसणार नाही म्हणतात, चार माणसांच्या खांद्यावरून मी एकदाच जाणार म्हणतात. चाचा, तेवढी गाडी मऊ करा."

"मालक, आईला पाळण्यातनं न्यायची जबाबदारी माझी," चाचा म्हणाले होते, आणि छातीवर हात ठेवला होता.

म्हणून तर बुधवारी जे झालं ते फार वाईट झालं. त्याआधी चाचांनी मागची स्प्रिंग आवळली, मग दोन्हीकडं सारखं म्हणून दुसरी आवळली, मग पुढच्याही आवळल्या. खरं दुखणं वेगळंच होतं. पुढचे शॉकअप एकदा दबले की परत लांब व्हायला वेळ लावत होते. एक दगड गेला, चाक परत खाली टेकतंय न टेकतंय तोवर दुसरा दगड, मग तिसरा. चाकाला खाली-वर व्हायला जागाच उरत नव्हती आणि गाडी नुसती हाणत होती. अशा दुखण्यावर स्प्रिंग आवळणं म्हणजे ठेच लागलेल्या पायाला घट्ट बूट घालणं. हे मला कुणी शिकवलं? चाचांनीच.

सरनोबत बुधवारी सकाळी आले, माळावर फेरी मारून आले आणि उतरताना त्यांनी कमरेला हात लावला.

"चाचा, राग मानू नका," ते म्हणाले. "पण आधी बरी होती."

चाचांचा चेहरा उतरला. असं वाक्य त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नसावं. ते बग्गीभोवती एक फेरी मारून आले, वाकून पुढचं चाक बघितलं, उगीच हात पुसले. मी ग्राइंडरपाशी उभा होतो. तिथं सकाळीच मी एक ब्रॅकेट कापला होता आणि पत्र्याचा एक धारदार कपचा खाली पडलेला होता. चाचा अनवाणीच त्याच्यावरून चालत गेले.

मला वाटलं, आता उडी मारतील, शिवी हासडतील. ते तसेच चालत राहिले. दोन, तीन, चार पावलं. आणि प्रत्येक पावलागणिक फरशीवर लाल ठसा उमटत गेला.

"पुण्यात एक जण कॉम्प्युटरवर सेट करून देतात म्हणे," सरनोबत चाचरत बोलत होते. "तिकडं नेऊ का? म्हणजे, वेळ कमी आहे म्हणून."

चाचा वळले आणि त्यांची नजर फरशीवर गेली.

"ए उत्तम," ते म्हणाले, "कुणाला लागलं बघ रे. रक्त सांडलंय."

अजूनही ते वाक्य माझ्या कानात आहे. आवाजात काळजी होती, दुसऱ्याची. सरनोबत खाली बघायला लागले. त्यांनी अजून अर्धं मिनिट बघितलं असतं तर ते ठसे कुठून आले आणि कुणापाशी थांबले हे त्यांना कळलं असतं. ज्याच्या तळव्याच्या जोरावर आई गाडीत बसणार, त्या माणसाला तळवा कापलेला कळत नाही, हे गिऱ्हाइकासमोर उघडं पडलं असतं आणि संध्याकाळपर्यंत उद्यमनगरभर झालं असतं.

"माझंच बोट, चाचा," मी म्हणालो. फडकं घेतलं आणि फरशी पुसायला बसलो. "काय नाही, जरासं कापलंय."

"सांभाळून काम करावं लेका," चाचा म्हणाले. मग सरनोबतांकडं वळून हात जोडले. "मालक, शनिवारपातुर वेळ द्या. शनिवारी आक्कासाहेबांस्नीच घेऊन या. त्या न्हाई म्हणाल्या तर न्यावा पुण्याला."

सरनोबत गेल्यावर मी चाचांना बाकावर बसवलं आणि म्हणालो, "चाचा, पाय बघा तुमचा."

त्यांनी पाय उलटा करून बघितला. बराच वेळ बघितला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कळलं हुतं मला मघाशीच. म्हटलं गिऱ्हाइकासमोर कशाला."

मी त्यांच्यासाठी खोटं बोललो होतो, ते माझ्याशी खोटं बोलले. फिट्टंफाट झाली. मी जखम धुऊन पट्टी बांधली. कापलेला भाग मी दाबत होतो, अंगठ्यानं चांगला दाबत होतो, आणि चाचा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"साखर वाढलीय काय, चाचा? दवाखान्यात जाऊन येऊया की."

"बग्गी हुंदे. मग बघू." ते उठले. "आन् घरी चाचीला सांगू नगंस."

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? चाचीला सांगितलं असतं. मी शहाणा नव्हतो, मी चेला होतो. मला एकच दिसत होतं. या माणसानं मला हाताला धरून काम शिकवलं, आणि आता त्याचं नाव शनिवारी एका बग्गीपायी मातीत जाणार. ते मी होऊ देणार नव्हतो.

चाचा रोज एक वाजता नमाजाला जायचे, तिथून घरी जेवायला, आणि तीनला परत यायचे. बुधवारी दुपारी ते गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढलं. पुढच्या दोन्ही शॉकअपवर खडूच्या ताज्या फुल्या होत्या. मी पाना हातात घेऊन किती वेळ बसलो कोण जाणे. देवळातली मूर्ती हलवल्यासारखं वाटत होतं. मग फुल्या पुसल्या.

आवळलेल्या रिंगा सैल केल्या. शॉकअपचे नॉब तीन टिक मोकळे केले, म्हणजे दबलेलं चाक लवकर खाली यावं. टायरमधली हवा थोडी कमी केली. माझ्या शेजारच्या सीटवर आक्कासाहेबांच्या वजनाच्या अंदाजानं वाळूची पोती बांधली आणि माळावर फेरी मारून आलो. परत दोन टिक. परत फेरी. मग सगळं पुसून चाचांसारख्या फुल्या मारल्या. त्यांच्या फुलीची एक रेघ लांब असायची, दुसरी आखूड. तेही मी जमवलं.

तीनला चाचा आले. आम्ही माळावर गेलो. पट्टी बांधलेला पाय आणि दुसरा पाय त्यांनी पत्र्यावर टेकवला, डोळे मिटले.

"उठतंय की बरं आता," थोड्या वेळानं ते म्हणाले. पण मी गाडीचा वेग वाढवल्यावर त्यांनी डोळे किलकिले करून माझ्या तोंडाकडं बघितलं, हे मला दिसलं. मी मान हलवली. "मस्तच बसलीय, चाचा."

"मग? मागचं उजवं म्हटलं हुतं का न्हाई?"

गुरुवारी सकाळी त्यांनी परत जरा आवळलं, मी दुपारी परत सैल केलं. शुक्रवारीही तसंच. चाचा सकाळी बिघडवायचे, मी दुपारी दुरुस्त करायचो, आणि संध्याकाळी दोघं मिळून चाचांचं कौतुक करायचो. खरं सांगतो, त्या तीन दिवसांत मला मजा येऊ लागली होती. इतकी वर्षं मी त्यांच्या शब्दावर पाना फिरवला होता. आता माझा स्वतःचा हात चालत होता, आणि तो बरोबर चालत होता.

शनिवारी आक्कासाहेब आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, नऊवारी, कंबरेला पट्टा. बग्गीकडं त्यांनी म्हशीच्या बाजारात आल्यासारखं बघितलं.

"ह्यात बसायचं?" त्या म्हणाल्या. "दार कुठाय?"

"दार न्हाई, आक्कासाहेब," चाचा म्हणाले. "पण ह्याचा धक्का तुम्हास्नी बसला तर माझं नाव बदला."

धैर्यशीलरावांनी त्यांना उचलून आत बसवलं, पट्टे लावले आणि हळूहळू माळावर गाडी नेली. आम्ही दोघं कडेला उभे होतो. बग्गी पहिल्या दगडांवरून गेली, मग ओघळीतून, मग त्या वाईट, ओळीनं धोंडे असलेल्या पट्ट्यावरून. चाकं खाली-वर होत होती आणि वर आक्कासाहेबांचा पदरसुद्धा ढळत नव्हता. चाचांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की नंतर वळ उठला.

गाडी परत आली. आक्कासाहेबांनी कंबरेचा पट्टा चाचपून बघितला.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याच्या मोटारीतबी एवढं सुख नव्हतं हो."

चाचा हसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वाकून त्यांनी आक्कासाहेबांना सलाम केला. सरनोबत गेल्यावर ते स्वतः जाऊन किलोभर जिलबी घेऊन आले आणि आजूबाजूच्या चार गॅरेजांत वाटली. स्वतःही दोन खाल्ल्या, मी नको म्हणत असताना. त्या संध्याकाळी मी घरी चालत गेलो तो छाती काढून. बायकोला म्हणालो, आज मी एका माणसाला वाचवलं. याच शब्दांत म्हणालो.

त्यानंतर दोन महिन्यांनी चाचांचा पाय गुडघ्याखाली कापला.

ती जखम वरून भरली होती आणि आत सडत गेली होती. चाचा पट्टी बांधून येत राहिले, मी विचारलं की "भरत आली" म्हणत राहिले. ताप चढला तेव्हा दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरांनी दोन दिवसांत निर्णय दिला. महिनाभर आधी आणलं असतं तर, एवढंच ते म्हणाले. असं ते बऱ्याच जणांना म्हणत असतील.

चाचा घरी आल्यावर मी भेटायला गेलो. मनाशी ठरवूनच गेलो होतो की सगळं सांगायचं. फुल्या पुसल्याचं, पोत्यांचं, सगळं. रशीदाचाची दारातच भेटल्या. डोळे सुजलेले. मला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"उत्तम, तुला काय सांगू," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाय बधिर झाल्यात हे मला वरीसभर ठाऊक हुतं. रोज मागं लागत हुते, दवाखान्यात चला. त्या बुधवारी ते रक्ताळलेला पाय घिऊन आले, तवा मी लई भांडले. तवा म्हणाले, आता ही बग्गी हाय. ह्या बग्गीत पाय खरं बोलला तर तो जिता हाय. न्हाई बोलला, तर सोमवारी तू म्हणशील तिथं येतो. कुराणावर हात ठेवून म्हणाले. मी नंबर लावून ठेवलेला, सोमवार सकाळचा."

मी पायातली चप्पल काढत होतो, ती तशीच राहिली.

"शनिवारी जिलबी घिऊन आले ते हसत हसत. म्हणाले, बघ, बग्गी बसली. पाय जिता हाय माझा. नंबर फाडून टाक." चाचींनी डोळे पुसले. "कशी बसली रे ती बग्गी? एवढी कशी बसली?"

आत गेलो तेव्हा चाचा खिडकीजवळच्या कॉटवर टेकून बसले होते. पांघरुणाखाली एका बाजूला पाय होता आणि दुसऱ्या बाजूला पांघरूण सपाट पडलं होतं. त्यांनी मला कॉटवरच बसवून घेतलं. सरनोबतांचं विचारलं. मी सांगितलं की आक्कासाहेब वर जाऊन आल्या, देवाला नारळ वाहून आल्या. त्यांना बरं वाटलं.

चाची चहा घेऊन दारात आल्या, तेवढ्यात चाचा म्हणाले, "उत्तम, डॉक्टर म्हणत्यात की ह्या पायाच्या शिरा मरून दोन वर्सं झाली. दोन वर्सं. मग मला बग्गी कळली कशी?"

चाची कप हातात घेऊन उभ्या राहिल्या. चाचा माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घातली. त्या क्षणी खरं बोललो असतो तर त्यांच्याजवळ उरलेलं तेवढंही मी काढून घेतलं असतं, असं मला वाटलं. आणि चाचीसमोर बोलायची माझी छाती नव्हती, हेही तितकंच खरं.

"तुमचा हात आहे, चाचा," मी म्हणालो. "इतक्या वर्षांचा. हाताला कळलं असेल."

"व्हय," चाचा म्हणाले. "तसंच आसंल." आणि खिडकीकडं तोंड केलं. चहा मी कसा प्यालो ते माझं मला माहीत.

त्यानंतर चाचा तीन वर्षं जगले. गॅरेजला कधी आले नाहीत. मी महिन्याला जात होतो. क्रिकेट, पाऊस, नातवंडं, सगळं बोलायचो. बग्गीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. दर वेळी जाताना मी ठरवायचो की आज सांगायचं, आणि दर वेळी चप्पल घालताना म्हणायचो, पुढच्या खेपेला.

ते गेल्यावर वर्षभरानं बेळगावचे एक गृहस्थ गाडी घेऊन गॅरेजात आले. शेतावरचीच दोन सीटांची बग्गी, सरनोबतांकडं बघून घेतलेली. कंबर धरूनच उतरले. इलाही मिस्त्रींच्या शेवटच्या दिवसांत त्यांना भेटून आलो होतो, असं म्हणाले. बैठकीचं काम आता कुणाकडं न्यावं म्हणून विचारायला गेले होते.

"त्यांनी तुमचंच नाव सांगितलं," ते म्हणाले. "उत्तमकडं जावा म्हणाले. मला कळायचं थांबलं तेव्हापासून त्याला कळतंय, म्हणाले."

ते गृहस्थ कौतुकानं सांगत होते. मी हातातला पाना खाली ठेवला आणि त्यांना विचारलं, हे म्हणताना चाचा हसत होते का?

त्यांना आठवत नव्हतं.